मागचं चाक बसवताना सरळ असतं, उतारावर ब्रेक मारला की डावीकडे झुकतं (एमटीबी, क्विक रिलीज, डिस्क ब्रेक)

घाटवाट

सायकल २७.५ इंची हार्डटेल (मागे शॉक नसलेली एमटीबी). अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, मागे १३५ मिमीचा क्विक रिलीज हब (चाकाचा मधला भाग, लिव्हर मिटून फ्रेमला पकडला जाणारा), गिअर ३×८, १६० मिमीचे मेकॅनिकल (केबलवर चालणारे) डिस्क ब्रेक. मागचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) सीटस्टेवर, म्हणजे सीटकडून एक्सलकडे उतरणाऱ्या नळीवर आहे. ड्रॉपआउटची (फ्रेमचं टोक, ज्यात चाकाचा एक्सल बसतो) खाच उभी, खालून उघडी.

पंक्चर काढायला मागचं चाक काढलं आणि परत बसवलं. घरात उभी असताना सगळं ठीक दिसतं: सीटस्टे आणि टायर यांच्यामधली फट डावीकडे ८, उजवीकडे ९ मिमी. घाटाचा एक उतार मागचा ब्रेक दाबत उतरलं की रोटर (ब्रेकची चकती) खर्र खर्र घासायला लागतो. थांबून मोजलं तर तीच फट डावीकडे ६ आणि उजवीकडे ११. पुढे चेनस्टेजवळ (पेडलकडून एक्सलकडे येणारी आडवी नळी) मात्र दोन्हीकडे सारखीच. लिव्हर उघडून चाक पुन्हा बसवलं की सगळं जागेवर येतं, पुढच्या उतारावर पुन्हा तेच. सर्वांत मोठ्या दातचक्रावर चेन अधूनमधून टिकटिकही करते.

लिव्हर व्यवस्थित घट्ट लागते, बंद करताना तळहातावर वळ उठतो. महिन्यापूर्वी मागचा हब दुकानात उघडून ग्रीस करून घेतला आहे, त्यानंतर चाक पहिल्यांदाच काढलं.

बसवण्यात काय चुकतंय? कॅलिपरचे बोल्ट सैल करून रोटर मध्ये आणू का? चाक बसवण्याची बरोबर पद्धतही कुणी नीट सांगितली तर बरं होईल.

---

पानापक्कड

कॅलिपरला आत्ता अजिबात हात लावू नका. तुम्ही मोजून आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत, कारण निदान त्या आकड्यांतच आहे.

टायर आणि फ्रेममधली फट दोन ठिकाणी मोजायची असते. एक वर, सीटस्टेच्या पुलाजवळ (दोन्ही नळ्या जोडणारा आडवा तुकडा). दुसरी पुढे, चेनस्टेच्या पुलाजवळ. दोन्ही ठिकाणी टायर एकाच बाजूला सारखाच सरकलेला असेल तर रिम हबच्या मध्यावर नाही, म्हणजे डिशिंगचा दोष. तो दोष स्पोकचा ताण कमी-जास्त करून काढायचा. फक्त चेनस्टेजवळ फरक असेल तर एक्सलचं एक टोक दुसऱ्याच्या पुढे गेलंय. आणि फक्त सीटस्टेजवळ फरक असेल, पुढे नसेल, तर एक्सलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा खाली आहे. तुमचं हे तिसरं. टायर वर डावीकडे झुकलाय, म्हणजे डावं टोक खाली उतरलंय.

किती उतरलंय तेही काढता येतं. हबची रुंदी १३५ मिमी, पुलापाशी टायर एक्सलपासून सुमारे ३३० मिमीवर. एक टोक १ मिमी खाली गेलं की तिथे टायर जवळजवळ अडीच मिमी सरकतो. तुमचा टायर दोन-अडीच मिमी सरकलाय, म्हणजे डावं टोक साधारण १ मिमी खाली. एवढ्यानेच रोटर पॅडपाशी अर्धा मिमी बाजूला जातो. मेकॅनिकल डिस्कमध्ये रोटर आणि पॅड यांच्यात पाव मिमीची फट असते. घासणारच. या अवस्थेत कॅलिपर हलवलात तर वाकड्या चाकाला ब्रेक जुळवल्यासारखं होईल, आणि चाक सरळ बसलं की पुन्हा घासेल.

आता पद्धत.

चाक काढण्याआधीच चेन मागे सर्वांत लहान दातचक्रावर घ्या. पुढे मधली किंवा लहान चेनरिंग चालेल. चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर दाबायची नाही. हायड्रॉलिक (तेलावर चालणारा) असेल तर ही चूक महागात पडते.

टायरमध्ये हवा भरूनच चाक बसवा. ट्यूबलेस नसेल तर बसवण्याआधी टायर हातात फिरवून त्याची कड सगळीकडे रिमवर सारखी बसलीय का ते बघा. नाही तर टायरच वाकडा फिरेल आणि दोष एक्सलला जाईल.

स्क्यूअरवरच्या (पोकळ एक्सलमधून जाणारी, लिव्हर आणि नट असलेली दांडी) दोन शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगा बघा. निमुळतं तोंड आत, हबकडे. रुंद तोंड बाहेर, लिव्हरकडे आणि नटाकडे. उलटी घातलेली स्प्रिंग एक्सलच्या टोकावर चढते आणि नट व फ्रेमच्या मध्ये चिमटली जाते. बाहेरून बघितलं तर नटाच्या कडेखाली तारेचा एक वेढा डोकावताना दिसतो. तो दिसला की समजायचं, फ्रेम पकडली गेली नाही, स्प्रिंग पकडली गेली आहे.

सायकल सरळ उभी ठेवा, उलटी नको. सीट कुणाला धरायला सांगा किंवा भिंतीला टेकवा. लिव्हर डाव्या, म्हणजे रोटरच्या बाजूला. नट चेनच्या बाजूला. डिरेलरचा (गिअर बदलताना चेन हलवणारा भाग) पिंजरा उजव्या हाताने मागे ओढून धरा, म्हणजे चेनचा वरचा पदर आणि खालचा पदर यांत मोकळी जागा होते. कॅसेट (मागच्या दातचक्रांचा संच) त्या दोन पदरांच्या मध्ये घाला. वरचा पदर सर्वांत लहान दातचक्रावर टेकवा. त्याच वेळी डावीकडे रोटर दोन पॅडच्या फटीत जातोय का ते डोळ्यांनी बघत राहा. इथे घाई केली तर रोटरची कड पॅडच्या धातूच्या पाठीवर आपटते, पॅडची पत्ती वाकते आणि पुढचे चार दिवस ब्रेक कुरकुरतो.

एक्सल दोन्ही खाचांत शिरला की पिंजरा सोडा आणि सायकलचं वजन चाकावर येऊ द्या. सीटवर तळहाताने दोनदा दाब द्या. खाच खालून उघडी आहे, म्हणून सायकल उभी असताना फ्रेम स्वतःच्या वजनाने एक्सलवर पूर्ण बसते. उलट्या सायकलवर हेच वजन काही उपयोगाचं नसतं. चेनचा ताण एक टोक ओढतो आणि दुसरं खाचेच्या तळाशी टेकतच नाही.

लिव्हर एक्सलच्या रेषेत सरळ बाहेर आली की तिथून जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे. त्याआधीच लागत असेल तर समोरचा नट जरा सैल करा, लागत नसेल तर पाव वेढा घट्ट करा. मग लिव्हर मिटा. लिव्हर पंख असलेल्या नटासारखी गोल फिरवून आवळायची नाही, ती मिटायची असते. आतला कॅम फक्त मिटल्यावरच पकड देतो. बंद झाल्यावर लिव्हर चेनस्टे किंवा सीटस्टेला टेकायला नको. टेकली तर पूर्ण बंद झालीच नाही असं धरा आणि थोडी फिरवून दुसऱ्या कोनात बंद करा. बहुतेक लिव्हरींवर बाहेरच्या अंगाला 'क्लोज' कोरलेलं असतं, ते वाचता आलं पाहिजे. नटात स्क्यूअरचे किमान पाच पूर्ण आटे गुंतलेले हवेत.

हे सगळं तुम्ही बहुधा बरोबरच करताय. तरीही डावं टोक उतरतंय, म्हणून प्रश्न पकडीचा आहे. लिव्हर काढून डाव्या ड्रॉपआउटचा बाहेरचा चेहरा नीट बघा आणि इथे सांगा, तिथे दातांचे ठसे कसे दिसतात. उजवीकडचेही सांगा.

---

चाकोरी

पानापक्कड यांनी निदान नेमकं केलंय. ब्रेक मारल्यावरच का उतरतं, तेवढं मी जोडतो.

सीटस्टेवरचा कॅलिपर एक्सलच्या मागे-वर असतो. चाक पुढे फिरताना रोटरचा तो भाग वर आणि पुढे जात असतो. पॅड त्याला अडवतात, म्हणजे रोटरला खाली आणि मागे ढकलतात. हा धक्का थेट एक्सलच्या डाव्या टोकाला जातो, आणि त्याची दिशा नेमकी खाचेच्या उघड्या तोंडाकडे. शिवाय जोरही मोठा. टायर जमिनीवर जेवढ्या जोराने थांबवतोय त्याच्या साडेचार-पाच पट जोर रोटरवर येतो, कारण पॅड एक्सलपासून ७०-७५ मिमीवर आणि जमीन ३४५ मिमीवर. जमिनीवर २० किलोचा रोध असेल तर रोटरवर ९०-१०० किलो. हार्डटेलच्या मागच्या चाकावर बसलेल्याचं जेवढं वजन असतं ते दोन्ही टोकांत वाटलं जातं, उतारावर तर तेही पुढच्या चाकाकडे सरकतं. त्यामुळे डावं टोक जागेवर ठेवणारी गोष्ट एकच: स्क्यूअरची पकड.

आता महत्त्वाचं. लिव्हर घट्ट लागणं आणि फ्रेम घट्ट पकडली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोकळ एक्सलचं टोक ड्रॉपआउटच्या बाहेरच्या चेहऱ्यापेक्षा किंचित आतच राहायला हवं. ते बाहेर आलं, अगदी अर्धा मिमी जरी, तर लिव्हरचा पाया फ्रेमवर न टेकता एक्सलच्या टोकावर टेकतो. तुम्ही लिव्हर मिटता, तळहाताला वळही पडतो, पण तो सगळा जोर एक्सलच्या नळीला दाबण्यात जातो. त्या बाजूची फ्रेम मोकळीच.

१३५ मिमीच्या हबचा एक्सल साधारण १४५-१४६ मिमी लांब असतो. म्हणजे लॉकनटच्या (हबच्या दोन टोकांचे नट, जे फ्रेमला आतून टेकतात) बाहेर प्रत्येक बाजूला ५ ते साडेपाच मिमी. हब नुकताच उघडलेला आहे हे वाचल्यावर पहिली शंका हीच येते की परत जोडताना एक्सल मध्यावर राहिला नाही. हब तसाही छान फिरतो, त्यामुळे फिरवून बघणाऱ्याला काही कळत नाही.

चाक काढा, स्क्यूअर पूर्ण ओढून काढा, आणि लॉकनटच्या चेहऱ्यापासून एक्सलच्या टोकापर्यंत दोन्हीकडे मोजा. व्हर्नियर नसेल तर स्टीलची पट्टी चालेल. ड्रॉपआउटची जाडीही मोजा, रंग धरून.

---

रानवारा

तोपर्यंत एक सोपा तोडगा: डावीकडे लिव्हर आणि ड्रॉपआउटच्या मध्ये १० मिमी भोकाचं एक वायसर टाका. एक्सल बाहेर आलेला असेल तर वायसरमुळे लिव्हर फ्रेमवर टेकेल. सायकल उलटी करून काम केलं तरी मेकॅनिकल डिस्कला काही होत नाही, तेल सांडायला आत तेलच नाही.

---

पानापक्कड

@रानवारा, उलटी करण्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. मेकॅनिकल ब्रेकला त्रास नाही. हायड्रॉलिकमध्ये वरच्या टाकीतली थोडी हवा नळीकडे सरकू शकते आणि लिव्हर लुसलुशीत लागते. सायकल सरळ करून काही वेळ उभी ठेवून लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबली की बहुधा सुधारते. पण सरळ ठेवून बसवण्याचं खरं कारण ब्रेक नाही, एक्सल खाचेच्या तळाशी टेकणं हे आहे. रस्त्यावर पंक्चर काढायला उलटी करा हवं तर. लिव्हर बंद करण्याआधी सरळ करा, मोकळी सोडा, वजन द्या, मग बंद करा.

वायसरबद्दल मात्र मी सहमत नाही. शंका खरी आहे का ते पाहण्यापुरतं ठीक. लिव्हरच्या पायावर जे दात असतात ते फ्रेममध्ये रुतण्यासाठी असतात. मध्ये गुळगुळीत, घडीव पोलादाचं वायसर आलं की ते रुतत नाहीत, आणि चाक काढताना ते वायसर हमखास गवतात पडतं. घाट उतरायच्या सायकलीवर हा उपाय कायमचा ठेवू नये.

---

घाटवाट

मोजलं.

उजवीकडे लॉकनटपासून एक्सलचं टोक ४ मिमी. डावीकडे ७ मिमी. ड्रॉपआउटची जाडी दोन्हीकडे ६ मिमी, म्हणजे डावीकडे एक्सल १ मिमी बाहेर येतोय.

ठसेही बघितले. उजव्या ड्रॉपआउटवर दातांचं पूर्ण वर्तुळ आहे, प्रत्येक दात वेगळा मोजता येईल इतकं स्वच्छ. डावीकडे वर्तुळ नाहीच. खाचेच्या वरच्या कडेला चंद्रकोरीसारखा एक चकचकीत पट्टा आहे, रंग घासून गेलेला, आणि एक्सलच्या टोकावर गोल घासल्याची खूण.

एक्सल कापून घेऊ का? की हब पुन्हा उघडायचा? माझ्याकडे १५ आणि १७ चे पातळ कोन पाने आहेत.

---

चाकोरी

कापू नका. ७ आणि ४ मिळून ११, १३५ धरून १४६. एक्सलची लांबी बरोबर आहे, तो फक्त दीड मिमी डावीकडे सरकलाय. दोन्हीकडे साडेपाच हवे. मागच्या एक्सलचे आटे १ मिमी अंतराचे असतात, म्हणजे एका वेढ्याला १ मिमी. तुम्हाला नेमका दीड वेढा फिरवायचा आहे.

चाक एका परातीत किंवा जाड कापडावर आडवं ठेवा, छर्रे पडले तर हरवणार नाहीत. मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना नऊ-नऊ असतात, पाव इंची. आधी डावीकडचा लॉकनट आणि कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) सोडवून पूर्ण काढा. किती वायसर, कुठल्या क्रमाने, ते ओळीने मांडून ठेवा. आता एक्सल उजवीकडून बाहेर ओढता येईल; त्यावर उजवा कोन, वायसर आणि लॉकनट तसेच राहतील. छर्रे ग्रीसमध्ये चिकटून जागेवर राहतात, तरी एकदा मोजा.

एक्सल बाकावर घेऊन उजव्या बाजूला लॉकनटपासून टोकापर्यंत मोजा. ४ मिमी दिसेल. कोन एका पान्याने धरून लॉकनट सैल करा. मग कोन दीड वेढा आत, त्यामागोमाग लॉकनटही दीड वेढा आत, आणि दोघांना एकमेकांवर पक्कं आवळा. पुन्हा मोजा: साडेपाच. उजवी बाजू पक्कीच राहिली पाहिजे, ती पुढे सुटली तर सगळं काम परत. कोनाची धाव, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात ती गुळगुळीत पट्टी, उजेडात धरून बघून घ्या. खड्डे दिसले तर कोन बदला.

आता एक्सल परत घाला, डावा कोन बोटाने छर्र्यांवर टेकेपर्यंत फिरवा, वायसर, लॉकनट. कोन १५ च्या पान्याने धरून लॉकनट १७ च्या पान्याने आवळा. इथे एक बारकावा आहे जो बऱ्याच ठिकाणी चुकतो. क्विक रिलीज बंद केला की तो एक्सलला लांबीत किंचित दाबतो, आणि छर्रे तेवढे जास्त आवळले जातात. म्हणून बाकावर हब अगदी खेळ नसलेला जुळवला तर सायकलीवर तो जड फिरतो आणि कोन लवकर खातो. बाकावर एक्सल हातात हलवल्यावर अगदी नावाला खेळ जाणवला पाहिजे, आणि चाक बसवून लिव्हर बंद केल्यावर रिम धरून हलवलं तर तो खेळ नाहीसा झाला पाहिजे. दोन-तीनदा काढघाल करावी लागते, कंटाळू नका.

कोन आणि लॉकनट दोन्ही सारखेच सरकवल्यामुळे हब आणि उजवा लॉकनट यांच्यामधलं अंतर बदलत नाही. म्हणून रिमची डिश, कॅसेटची जागा, रोटरची जागा यांतलं काहीही हलत नाही. टिकटिकही बहुधा याच कारणाने होती: एक्सल तिरका झाला की मोठं दातचक्र खालच्या बाजूला जवळजवळ अर्धा मिमी सरकतं. चाक सरळ बसल्यावरही राहिली तर हँगर (डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो भाग) वाकलाय का ते बघा, केबल त्यानंतर.

आणि उजवा ठसा एवढा स्वच्छ आहे याचा अर्थ तुमचा स्क्यूअर चांगला आहे. कॅम आत झाकलेला असेल तर तोच ठेवा. उघड्या कॅमचे, प्लास्टिकच्या वाटीवर फिरणारे हलके स्क्यूअर दिसायला छान असतात, पण तेवढ्याच हाताच्या जोराला पकड कमी देतात. डिस्कच्या मागच्या चाकाला मी ते सुचवणार नाही.

---

तिठा

हा धागा नट असलेल्या सायकलवालेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त एमटीबींमध्ये मागे भरीव एक्सल आणि १५ च्या पान्याचे नट असतात, हँगर वेगळी पट्टी म्हणून खाचेत छोट्या स्क्रूने अडकवलेला असतो, आणि खाच तिरकी पुढे झुकलेली असते. तिथे दोष वेगळ्या जागी दिसतो: टायर डाव्या चेनस्टेला घासतो.

कारण चेनचा ओढा. ७० किलोचा माणूस चढावर पेडलवर पूर्ण उभा राहिला, क्रँक १७० मिमी, पुढे २२ दातांची चेनरिंग. त्या चेनरिंगची त्रिज्या जेमतेम साडेचव्वेचाळीस मिमी. म्हणजे चेनमधला ताण वजनाच्या पावणेचार पट, २६०-२७० किलो. हा सगळा ओढा एक्सलच्या उजव्या टोकाला पुढे खेचतो. उभ्या खाचेत पुढे भिंत असते. तिरक्या खाचेत नटाची पकडच काय ती असते.

वायसरची दातेरी बाजू फ्रेमकडे. कॅरिअरच्या पट्ट्या, मडगार्डच्या तारा, साइड स्टँडची पट्टी हे सगळं ड्रॉपआउटच्या बाहेर येतं, हब आणि फ्रेमच्या मध्ये कधीच नाही. मध्ये घातलं की फ्रेम फाकते आणि दोन्ही बाजू समांतर राहत नाहीत. आणि एवढं सगळं लावून झाल्यावर एक्सलचं टोक नटाच्या तोंडाशी किंवा त्याच्या बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. आत बुडालेलं असेल तर नट अर्ध्याच आट्यांवर उभा आहे. काहीतरी काढा किंवा लांब एक्सल घाला.

आवळताना आधी उजवा नट हाताला लागेपर्यंत, मग टायर चेनस्टेंच्या मध्यभागी बोटांनी धरून डावा, मग पुन्हा उजवा, असं आलटून पालटून. शेवटचा जोर ३० ते ४५ न्यूटन-मीटर. १५ सेंमी लांब पान्याच्या टोकाला २० ते ३० किलो जोर लावला की तेवढा होतो. डबीतल्या चपट्या पान्याने हे होत नाही, नटाचे कोपरे मात्र गोल होतात.

एवढं करूनही चाक दरवेळी वेगळ्या ठिकाणी बसत असेल तर एक्सल वाकलेला असण्याची शक्यता धरा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये (दातचक्रांचा संच हबवर आट्यांनी बसतो तो प्रकार) उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या बरेच आत असतात, बाहेरचा एक्सल निराधार लोंबतो, आणि खड्ड्यांत वाकतो. काढून काचेवर गडगडवला की लगेच दिसतं.

---

रानवारा

वायसरचं मान्य. थ्रू एक्सलला (फ्रेमच्या भोकांतून आरपार जाणारा एक्सल) यातलं काय लागू होतं? आमच्याकडे एक १२×१४८ (१२ मिमी जाड एक्सल, १४८ मिमी रुंद हब) आहे.

---

पानापक्कड

खाचेतून उतरण्याचा प्रश्नच तिथे मिटतो, कारण भोक बंद असतं. पण दोन-तीन गोष्टी आहेत.

हबच्या टोकाच्या टोप्या ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूला कोरलेल्या उथळ कट्ट्यावर बसतात. फ्रेम हळू खाली आणा, दोन्ही टोप्या कट्ट्यात बसू द्या, रोटर पॅडमध्ये गेलाय बघा, मग एक्सल डावीकडून सरकवा. उजवीकडे आट्यांपर्यंत तो बोटाने गेला पाहिजे. अडला तर अ‍ॅलन कीने जोर करू नका; फ्रेम एक केसभर उचला किंवा चाक थोडं हलवा. तिरका घुसवला तर आटे जातात, आणि ते आटे बहुतेक वेळा हँगरमध्ये किंवा फ्रेममध्ये असतात.

आट्यांना आणि दांड्याला ग्रीसचा पातळ थर. जोर किती ते एक्सलवरच लिहिलेलं असतं, बहुतेकांचा ९ ते १५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान. आणि बदली एक्सल घेताना लांबीबरोबर आट्यांचं अंतर जुळवा: १२ मिमीचे एक्सल १, १.५ आणि १.७५ अशा तिन्ही अंतरांत येतात. चुकीचा सुरुवातीचे दोन वेढे जातोही, मग खातो.

डिरेलरला क्लच (पिंजरा सैल हलू न देणारी यंत्रणा) असेल तर चाक काढघाल करण्याआधी तो बंद करा किंवा पिंजरा पुढे ओढून बटणाने अडकवा. नाही तर दोन्ही हात पिंजरा धरण्यातच गुंततात. आणि हायड्रॉलिक ब्रेक असल्यास चाक बाहेर असेपर्यंत पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा ठोकळा; पुठ्ठ्याची जाड घडीही चालते, तेलकट नको.

---

घाटवाट

हब उघडला, दीड वेढा फिरवला. आता दोन्हीकडे साडेपाच. उजव्या कोनाची धाव स्वच्छ आहे. लिव्हर बंद केल्यावर खेळ गेला. समोरचा नट पूर्वीपेक्षा जवळजवळ एक वेढा आत गेला, तेव्हा कुठे लिव्हरला तोच जोर लागला.

सीटस्टेजवळ फट साडेआठ-साडेआठ. आता रोटर किंचित आतल्या पॅडला टेकतोय, पण एकसारखा, प्रत्येक फेरीत तेवढाच.

---

चाकोरी

नट एक वेढा आत गेला हीच खूण. तो १ मिमी आधी एक्सलने अडवला होता. स्क्यूअरचे आटे ०.८ मिमीचे, म्हणून एक वेढा आणि थोडं वर.

आता कॅलिपरला हात लावा. बहुतेक मेकॅनिकलमध्ये बाहेरचा पॅडच हलतो, आतला स्थिर असतो आणि रोटर त्याच्यावर किंचित वाकवून दाबला जातो. कॅलिपरचे दोन्ही ५ मिमी अ‍ॅलनचे बोल्ट अर्धा वेढा सैल करा. आतल्या पॅडचा स्क्रू रोटरला टेकेपर्यंत आत घ्या, ब्रेक लिव्हर घट्ट दाबून धरा, आणि धरलेली असतानाच बोल्ट आलटून पालटून ६ ते ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. लिव्हर सोडा. आतला पॅड थोडा थोडा मागे घ्या, रोटर आणि पॅडमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतका. मग बाहेरच्या पॅडचं केबलवर जुळवा. रोटरला ग्रीसचे हात लागले असतील तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडाने पुसून घ्या, पॅडला ग्रीस चढलं तर ते परत निघत नाही.

मग सायकल धरून मागचा ब्रेक पूर्ण दाबा आणि सायकल पुढे जोराने ढकला, पाच-सहा वेळा. मागचं चाक हातभर उचलून टायरवर वरून मुठीने दोन ठोसे. फट पुन्हा मोजा. व्हर्नियर काढायची गरज नाही, ८ ची अ‍ॅलन की दोन्हीकडे सारखीच सरकते का एवढं बघा. पहिल्या उतारानंतर ती की खिशातच असू द्या, तिथेच थांबून एकदा घालून बघा आणि लिव्हर काढून डावीकडचा ठसा बघा. आता तिथेही दातांचं पूर्ण वर्तुळ दिसायला हवं.

---

घाटवाट

उतार झाला, मागचा ब्रेक मुद्दाम जास्त वापरला. ८ ची की दोन्हीकडे सारखी जाते, रोटर घासत नाही, टिकटिक नाही. डावीकडे वर्तुळ उमटलंय, जुन्या चकचकीत पट्ट्यावरच.